कडबोळं आणि काठी

रुवैसमध्ये ऑगस्टात काच बाहेरून घामेजते.
आत एसी, बाहेर समुद्राची वाफ.
वल्लरीने आतून बोट फिरवलं, काहीच उमटलं नाही,
मग माझ्याकडे असं पाहिलं
की काच मीच बिघडवलीय.

म्हणून कणीक.
पोळ्यांतून उरलेल्या गोळ्याच्या वळ्या केल्या
आणि ओट्यावर मांडली कोरियाची अक्षरं.
मला तरी कुठे येतात!
प्लांटवरच्या खोक्यांवरून उचललेली,
आधी 'सावधान', मग 'उघडा', मग 'बंद',
आठ वर्षांत एवढंच,
कुणाला प्रेमाने म्हणावा असा एक शब्द नाही त्यात.

पण समोरच्या दारातला जूवन
गुरुवारी जातोय कायमचा, त्याच्या बाबांचं कंत्राट संपलं,
आणि हिला त्याच्या खेळण्यांच्या खोक्यावर
आपलं नाव घालायचंय,
त्याला वाचता येईल असं.

हा बघ ㄱ. सुताराचा गुण्या.
क म्हण. थांब, तिथेच थांब.
जिभेचं मूळ वर चढलं ना घशाशी?
कुशीवरून पाहिलं तर तोंडात हेच चित्र.
आणि हा ㄴ, न. शेंडा दातांमागे.
ती आरशासमोर आ वासून उभी,
टॉर्च हवाय म्हणाली. दिला.
परळीच्या शाळेत गित्ते बाई
छडीच्या तालावर म्हणवून घ्यायच्या कंठ्य, तालव्य, मूर्धन्य;
मी पाठ केलं,
घशात कधी डोकावलो नाही.

"यांना वरची रेघ का नाही? पडतील ना."
लांब वळी करून ती एकेक अक्षर टांगते,
दोरीवर मोजे वाळत घातल्यासारखं.
एक मात्र सापडतं, ㅜ, रेघ घेऊनच जन्मलेलं.
"हे आपल्यातलं," ठरवते,
आणि वेगळ्या वाटीत ठेवते.

नाव लिहायला बसलो तर व नाही.
त्यांच्याकडे व नसतो, वल्लरी.
मग?
मग ब.
बल्लारी. हे तर कर्नाटकातलं स्टेशन; मी बोललो नाही.
नव्या चपला घालून घरभर चालावं
तसं तिने ते दोन-तीनदा म्हणून पाहिलं,
आणि म्हणाली, "जूवन हेच म्हणतो की मला.
पहिल्यापासून."

आता आई लिही.
आई हॉस्पिटलात, रात्रपाळी, सातला सुटणार.
कडबोळं, शेजारी काठी, काठीला बारका फाटा;
पुन्हा कडबोळं, नुसती काठी.
아이.
कडबोळ्याला इथे आवाज नसतो,
ते फक्त जागा धरतं, एसटीत रुमाल टाकतात तसं.
तिने एसटी पाहिलेली नाही.

जूवनची आई डबा परत द्यायला आली,
ओट्याकडे पाहून थबकली, बोट ठेवून वाचलं: आई.
आणि वल्लरीकडे बोट केलं. आई.
"नाही," वल्लरी म्हणाली, "आई ड्यूटीवर आहे."
तिने मान हलवली,
हाताने गुडघ्याएवढी उंची दाखवली,
मग काहीच नसलेलं काहीतरी कडेवर घेऊन डोलवलं.
त्यांच्यात आई म्हणजे लेकरू.

वल्लरी खूप वेळ गप्प. कणकेला पापुद्रा धरायला लागला.
"मग आई अशी हाक मारली
तर कोण येणार?"

मला सांगता आलं नाही.
सकाळी ही आली, मोजे काढत म्हणाली,
ओट्यावर हे काय वाळलंय?
म्हटलं, तू. किंवा ती झोपलीय ती.
तिने कडबोळं उचललं, ते तुटलं,
दोन्ही तुकडे तिने नीट जुळवून परत ठेवले.

गुरुवारी खोकं गेलं.
त्यावर काळ्या मार्करने बल्लारी, त्यांच्या अक्षरात,
आणि वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मी न सांगता
ओढलेली रेघ.